गाव धरा, आडनाव सोडा: तालुक्याच्या दप्तरातून पूर्वजांचा शोध

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जाऊन ‘आमच्या घराण्याची जुनी माहिती हवी आहे’ असं सांगितलं, की पलीकडून तीन प्रश्न येतात. गाव कोणतं? जमिनीचा नंबर कोणता? साल कोणतं? यांची उत्तरं नसतील तर तिथला कर्मचारी कितीही सज्जन असला तरी काही करू शकत नाही, कारण तिथलं एकही कपाट आडनावाप्रमाणे लावलेलं नसतं. रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, असतात गावांचे आणि त्यात वह्या असतात वर्षांच्या. नवखी मंडळी आडनाव घेऊन निघतात आणि पहिल्याच फेरीत वैतागतात ती यामुळेच.

ही दप्तरं कुणी आपल्या नातवंडांना वंशवृक्ष काढता यावा म्हणून लिहिलेली नाहीत. सारा वसूल व्हावा, वतनाचा हक्क कुणाचा ते ठरावं, पटकीने किती माणसं गेली ते वर कळवावं, यासाठी ती लिहिली गेली. आपला खापरपणजोबा त्यात येतो तो शेताचा खातेदार म्हणून, कुळ म्हणून, फार तर सारा थकवणारा म्हणून. त्यामुळे प्रत्येक वही हातात घेताना ती कुणी आणि कशासाठी ठेवली होती हे आधी विचारायचं. त्यावरून तिच्यात काय सापडेल आणि काय नाही, हे बरंचसं कळतं.

आधी घरात

कचेरीच्या आधी आत्याकडे जा. घरातल्या पुरुषांपेक्षा लग्न होऊन गेलेल्या लेकींना माहेरची जुनी माणसं जास्त आठवतात, असा माझा अनुभव आहे. शिवाय त्यांना जमिनीच्या वाटणीचा तिढा सांभाळून बोलावं लागत नाही. आत्या, आजीची धाकटी बहीण, आजोबांच्या चुलतभावाची विधवा, यांच्याशी बोलताना फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवा, अर्थात त्यांना विचारून.

‘आपले पूर्वज कोण?’ असा प्रश्न विचारला तर शिवाजी महाराजांच्या सैन्यापर्यंत जाणारी गोष्ट ऐकायला मिळते आणि हाती काही लागत नाही. त्याऐवजी बारीक प्रश्न विचारावेत. सुतक आपण कुणाकुणाचं धरतो? गावात आणखी कोणत्या घरांचं दहा दिवसांचं सुतक आपल्याला येतं? हा प्रश्न फार कामाचा, कारण ज्यांचं पूर्ण सुतक येतं ते एका मूळ पुरुषाचे वंशज, ही समजूत गावांनी पक्की जपलेली आहे. कोणत्या आडनावांशी आपली सोयरीक होत नाही? देवक कोणतं? कुलदैवत कुठलं, आणि त्या देवाला नवस फेडायला जाताना वाटेत मुक्काम कुठे करत? श्राद्धाला कुणाची नावं घेतात? श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा अशा तीन पिढ्यांचा उच्चार होतो, म्हणजे आजोबांनी केलेल्या श्राद्धाची आठवण कुणाला असेल तर तुम्ही एकदम पाच पिढ्या मागे पोचता.

मग माळ्यावरची भांडी उतरवा. तांब्याचा हंडा, पितळी परात, पाण्याचा पिंप यांवर नाव आणि साल कोरलेलं असतं. लग्नात आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव आणि गाव असतं, म्हणजे आजीचं माहेर घरातच सापडतं. जुन्या लग्नपत्रिका, पोथ्यांची शेवटची पानं, पेन्शनची कागदपत्रं, गिरणीतलं हजेरीचं कार्ड, रेशनकार्ड, सगळ्याचे फोटो काढा. कागदाच्या मागच्या बाजूचाही.

या टप्प्यावर आडनावाबद्दल सावध व्हा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पुष्कळ नोंदींत आडनाव नसतंच. ‘राणू वलद सटवाजी’, म्हणजे सटवाजीचा मुलगा राणू, एवढंच असतं. गाव सोडून मुंबई-पुण्याला आलेल्यांनी गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनाव घेतलं, शाळामास्तरांनी दाखल करताना एखादं लिहून टाकलं, एकाच भावकीत एक घर पाटील, दुसरं जाधव झालं. कोकणातल्या बेने इस्रायली कुटुंबांची आडनावंही गावांवरूनच आलेली आहेत. तेव्हा आज आडनाव एक आहे म्हणून नातं आहे असं नाही आणि वेगळं आहे म्हणून नातं नाही असंही नाही.

गाव कोणत्या कचेरीत होतं?

मूळ गाव कळलं की ते गाव त्या त्या काळात कोणत्या तालुक्यात, जिल्ह्यात आणि राज्यात होतं, हे लिहून काढा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण कचेरीच्या निम्म्या फेऱ्या यामुळे वाचतात. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे १९८१ चे, लातूर आणि गडचिरोली १९८२ चे, नंदुरबार आणि वाशीम १९९८ चे, हिंगोली आणि गोंदिया १९९९ चे, पालघर २०१४ चा. कणकवलीच्या गावाची १९३० सालची जिल्हा पातळीवरची कागदपत्रं रत्नागिरीत शोधायची, हिंगोलीची परभणीत. सांगली जिल्हा आधी दक्षिण सातारा होता. शिवाय औंध, फलटण, भोर, जत, मिरज, सावंतवाडी, जव्हार अशी संस्थानं १९४८ पर्यंत आपापली दप्तरं आपापल्या पद्धतीने ठेवत होती, कोल्हापूर तर १९४९ पर्यंत. शेजारशेजारची दोन गावं, एक खालशातलं, म्हणजे थेट इंग्रजी अमलातलं, आणि एक संस्थानातलं, यांच्या नोंदी सारख्या नसतात.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथल्या जुन्या नोंदी उर्दूत, फारसी वळणाच्या भाषेत आणि मोडीतही सापडतात. सालं ‘फसली’ या महसुली कालगणनेतली असतात; त्यांचं गणित पुढे दिलं आहे. सुरुवात करायला तिथे १९५४-५५ च्या सुमाराचं खासरा पत्रक सर्वांत सोपं. विदर्भात नागपूरकडे मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरायचा, वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकरी थेट सरकारला भरायचा, त्यामुळे एकाच विदर्भात दोन तऱ्हा. नागपूरकडे ‘मिसल बंदोबस्त’ हे जुन्या जमाबंदीचं दप्तर आणि १९५४-५५ चा अधिकार अभिलेख मागायचा. गोव्यात सगळं निराळंच. तिथे पोर्तुगीज भाषेतल्या नागरी नोंदणीच्या वह्या आहेत, चर्चची बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची रजिस्टरं आहेत, देवस्थानांच्या महाजनांच्या याद्या आहेत आणि पणजीचं पुराभिलेखागार आहे, ज्याची सुरुवात १५९५ पर्यंत मागे जाते. मूळ गोव्याच्या पण आज कारवार, मंगळूर किंवा मुंबईत असलेल्या कुटुंबांनी देवस्थानाची महाजनकी आधी तपासावी. मात्र देवाचं आजचं ठिकाण म्हणजे घराण्याचं मूळ गाव असं धरू नका. मंगेश मूळ कुशस्थळीचा, तो प्रियोळला नेला गेला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली.

सातबाऱ्यावरून मागे मागे

ज्या घराची गावात जमीन होती किंवा आहे, त्याने जमिनीच्या कागदावरूनच निघावं. आजचा सातबारा आणि आठ-अ काढा. दोन्ही ऑनलाइन मिळतात. सातबाऱ्यावर फेरफारांच्या, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींच्या, क्रमांकांची एक रांग दिसते, जुन्यांना गोलात घातलेलं असतं. ही रांग म्हणजे तुमची शिडी. प्रत्येक क्रमांकाचा उतारा मागवा. फेरफार नोंदवही हा गाव नमुना ६, आणि वारसांची नोंदवही ६-क. खातेदार वारला की त्याच्या वारसांची नोंद होते आणि त्या एका परिच्छेदात कधी कधी अख्खं कुटुंब उभं राहतं: मयताचं नाव, कोणत्या तारखेला वारला, मुलगे किती, वयं काय, कोण अज्ञान (अल्पवयीन), त्याचा पालनकर्ता कोण.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरचे फेरफार तर सोन्यासारखे. त्याआधीच्या नोंदींत मुली जवळजवळ नसतातच. नंतर मात्र मुलींची नावं सासरच्या नावासकट आणि अनेकदा सासरच्या गावासकट येतात. पुढच्याच क्रमांकाला त्याच मुलींनी भावांच्या लाभात दिलेलं हक्कसोडपत्र सापडतं. हक्क सोडल्याचा तो कागद वाचून वाईट वाटो वा न वाटो, आत्यांच्या पिढीतल्या बायकांची नावं एकत्र सापडण्याचं ठिकाण बहुधा तेच असतं. घरोघरच्या वंशावळींतून ज्या गाळल्या गेल्या त्या इथे सह्या किंवा अंगठे घेऊन हजर असतात. नोंदणीकृत हक्कसोडपत्राची पूर्ण नक्कल दुय्यम निबंधकाकडून काढा. निबंधकाच्या सूचीत ऑनलाइन शोध मुंबईपुरता १९८५ पासून आणि बाकी राज्यात २००२ पासून घेता येतो. त्याआधीचं कचेरीत बसून, वर्षावर्षाची सूची चाळून.

मागे जाताना एका जागी शिडी तुटते. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गावोगाव सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजच्या गटाचा जुना सर्व्हे नंबर कोणता हे एकत्रीकरण योजनेच्या पत्रकात मिळतं आणि ते भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात असतं, तहसीलमध्ये नव्हे. जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा हाती आला की मग १९०३ च्या कायद्याने सुरू झालेल्या हक्कनोंदणीपर्यंत, आणि त्याही आधीच्या मोजणीच्या कागदांपर्यंत जाता येतं. इंग्रजांची ही मोजणी इंदापूर तालुक्यात १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी बसवली आणि मग मुंबई इलाख्यात पसरत गेली. भूमी अभिलेखकडचं शेतवार पत्रक, प्रतिबुक, पक्का बुक ही नावं लिहून न्या आणि ‘जितकं जुनं असेल तितकं’ असं म्हणू नका. ‘मौजे अमुक, सर्व्हे नंबर तमुक, प्रतिबुकाची नक्कल’ असा अर्ज करा.

पुष्कळ तालुक्यांचे जुने सातबारे, फेरफार आणि इतर अभिलेख आता स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर आले आहेत. आधी तिथे पाहा. नसेल तर नक्कलेचा अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प. मार्चअखेर आणि निवडणुकीचा हंगाम सोडून जा; त्या दिवसांत तुमच्या पणजोबांसाठी कुणाला फुरसत नसते.

गावात गेल्यावर मात्र जिभेवर ताबा ठेवा. जुने उतारे मागणारा माणूस जमिनीत हिस्सा मागायला आला, हा पहिला संशय. भावकीत बातमी तुमच्या आधी पोचते. तेव्हा तलाठ्याकडे जाण्यापूर्वी भावकीतल्या वडीलधाऱ्या काकांना भेटा, घरचा वंशवृक्ष काढतोय हे सांगा, अर्धवट काढलेला कागद समोर ठेवा आणि त्यांच्याच हाताने दोन नावं भरून घ्या. एकदा त्यांचं नाव त्या कागदावर आलं की पुढचे दरवाजे तेच उघडतात.

जमीन नसेल तर

‘आमची जमीनच नव्हती, आमचं काय सापडणार?’ हे वाक्य वारंवार ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. १८७४ च्या वतन कायद्यानुसार पाटील-कुलकर्ण्यांबरोबर गावच्या कनिष्ठ वतनदारांच्याही नोंदी ठेवल्या गेल्या. महार वतन, रामोशी वतन यांची इनामी जमीन कोणत्या कुटुंबांकडे आणि कोणत्या पाळीने होती, हे त्यांत मिळतं. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतनं रद्द झाली तेव्हा जमीन कुणाकुणाच्या नावे पुन्हा करून दिली, त्याचेही फेरफार आहेत. दलित कुटुंबांच्या शोधात हा कागद फार मोलाचा ठरतो, कारण अनेकदा एका फेरफारात तक्षिमदारांची, म्हणजे वतनातल्या वाटेकऱ्यांची, लांबलचक यादी येते आणि सगळी भावकी एका पानावर दिसते.

कुळं म्हणून कसणाऱ्यांसाठी १९४८ चा कुळकायदा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरून कुळांना मालकी देण्याची चौकशी झाली. तिला लोक कायद्याच्या कलमावरून आजही ‘३२-ग’ म्हणतात. त्या प्रकरणांत जबाब आहेत: ‘मी आणि माझा बाप ही जमीन अमुक सालापासून कसतो.’ पूर्वजाचा स्वतःचा आवाज सरकारी कागदात ऐकू येण्याची संधी अशी विरळाच. मराठवाडा आणि विदर्भाचे कुळकायदे वेगळे होते, प्रकरणं तशीच आहेत.

फौजेत गेलेल्यांची वाट आणखी वेगळी. पहिल्या महायुद्धात पडलेल्या हिंदी शिपायांची यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर आहे आणि बऱ्याच नावांपुढे बापाचं नाव, गाव, तालुका दिलेला आहे. इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेली गावं असल्याने स्पेलिंगं दहा तऱ्हांनी करून पाहावी लागतात. मॉरिशसला करारावर गेलेल्या कोकणी माणसांचंही तेच. तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये करारबद्ध मजुरांची दप्तरं आहेत, त्यातून गाव कळलं तर पुढचा शोध इकडे रत्नागिरीकडे वळतो.

कोतवाल बुक आणि शाळेचा दाखला

जन्म-मृत्यूची गाव पातळीवरची नोंद म्हणजे गाव नमुना १४. तोंडी भाषेत कोतवाल बुक. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याआधीच्या या वह्या बहुतेक ठिकाणी तहसीलच्या अभिलेख कक्षात आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा गावोगावच्या अशा वह्या झटकून पाहिल्या गेल्या आणि अनेक जिल्ह्यांनी सापडलेली पानं स्कॅन करून जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकली. आरक्षणाच्या वादात तुमचं मत काहीही असो, पूर्वज शोधणाऱ्याला त्या कामाचा मोठाच फायदा झाला आहे. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर तालुका आणि गाव निवडून आधी ती पानं बघा.

जन्माच्या जुन्या नोंदीत बाळाचं नाव नसतंच. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख, बस्स. आईचं नाव क्वचित. मृत्यूच्या नोंदीत कारण असतं: ताप, देवी, पटकी, हगवण. १८९६ नंतरची काही वर्षं प्लेगची पानं दाट होत जातात. १९१८ च्या ऑक्टोबरात तर एकेका गावाची पानंच्या पानं तापाने भरलेली असतात. ती मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ. तुमच्या वंशावळीत कुणी १९१८ नंतर अचानक दिसेनासा झाला असेल, किंवा पणजोबांचं दुसरं लग्न १९१९-२० च्या सुमाराचं असेल, तर आधी हाच महिना उघडा.

नावांतही खुणा असतात. धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावं बहुधा आधीची मुलं गेल्यावर ठेवलेली. असं नाव दिसलं की त्याच्या जन्माआधीच्या दहा वर्षांत त्याच बापाच्या नावे बालमृत्यूच्या नोंदी शोधा. नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याच्या चालीमुळे एक पिढी सोडून तीच जोडी फिरून येते: राणू सटवाजी, सटवाजी राणू, पुन्हा राणू सटवाजी. सालाशिवाय यातला कोणता राणू आपला हे कळणं अशक्य. दोन पिढ्यांत सरासरी पंचवीस-तीस वर्षं धरा आणि हिशेब जुळत नसेल तर मधली एक पिढी सुटली आहे असं समजा. दत्तकाचीही आठवण ठेवा. दत्तक गेलेल्याच्या पुढे बापाचं नाव बदलतं आणि जन्मदात्या घरात तो पुढे सापडत नाही.

शाळेत प्रवेश-निर्गमाचं जनरल रजिस्टर असतं; विदर्भात दाखल-खारीज. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांत ते स्वातंत्र्याच्या बरंच आधीचंही निघतं. जात, गाव, पालकाचं नाव, जन्मतारीख सगळं त्यात आहे, पण जन्मतारखेवर भिस्त ठेवू नका. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची एवढी गर्दी कशी, हे जुन्या मास्तरांनाच माहीत.

मोडी, सालं आणि आखूड शब्द

शेदोनशे वर्षं मागे जायचं तर मोडी आलीच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही गावची दप्तरं मोडीत लिहिली जात होती. मोडी वाचणं वाटतं तितकं अवघड नाही. आधी पानभर शिरोरेघा ओढायच्या आणि हात न उचलता लिहीत जायचं, अशी तिची रीत; शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. महसुली कागदात ठरावीकच शब्द पुन्हा पुन्हा येत असल्याने दोन-तीन महिन्यांच्या सरावात आपल्या गावाचं आणि आपल्या माणसांचं नाव ओळखता येऊ लागतं. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. घाई असेल तर मोडी वाचणाऱ्याला पैसे देऊन लिप्यंतर करून घ्या. मात्र देण्याआधी पानाचा स्वच्छ फोटो स्वतःजवळ ठेवा आणि त्याच्याकडून ओळीगणिक लिप्यंतर मागा, नुसता सारांश नको.

नात्यांचे शब्द पाठ करा. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’, ‘जौजे’ म्हणजे अमक्याची बायको; ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, पुढे नवऱ्याचं नाव. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे ज्याच्या नावाआधी हे लिहिलं आहे तो मालक नसून लहान मुलाचा पालक आहे. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. इथे एका नावाआड आणखी भाऊ दडलेले असतात, त्यांना हुडका.

सालांचं गणित असं. शकात ७८ मिळवले की इसवी सन. जानेवारी ते फाल्गुनाच्या दिवसांसाठी ७९. फसलीत ५९०, आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ५९१. फसली १३६० म्हणजे १९५०-५१. पेशवाईच्या कागदांत सुहूर सन असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. तो आकड्यांत न लिहिता ‘इहिदे’, ‘इसन्ने’, ‘सलास’ अशा अरबी शब्दांत लिहितात, त्याचा तक्ता जवळ असू द्या.

पेशवाईतले कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दप्तरात आहेत. तिथे हौसेने लगेच धावू नका. ज्यांच्याकडे इनाम, वतन किंवा देवस्थानाचा हक्क होता त्यांनाच तिथे नाव सापडण्याची बरी आशा. अशा घराण्यांनी, इंग्रजांनी इनामांचे हक्क तपासायला नेमलेल्या इनाम कमिशनची प्रकरणं जरूर बघावीत. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम टिकवायला लोकांनी आपापल्या सनदा आणि वंशावळी कमिशनपुढे ठेवल्या. मात्र हक्क टिकवण्यासाठी दिलेली वंशावळ ती. तिच्यात गैरसोयीचा भाऊ गाळलेला असू शकतो.

वह्यांचे दुसरे धनी

सरकारबाहेर सर्वांत मोठं दप्तर तीर्थोपाध्यांचं, म्हणजे तीर्थक्षेत्रांतल्या पिढीजात पुरोहितांचं. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, तुळजापूर, काशी, गया, प्रयाग, हरिद्वार. क्षेत्रावर गेल्यावर आडनाव, जात आणि मूळ गाव सांगितलं की तुमच्या घराण्याचे उपाध्ये कोण ते कळतं, आणि त्यांच्या नामावळीत आधी येऊन गेलेल्यांनी स्वतः लिहिलेला किंवा सांगून लिहवलेला लेख निघतो. यात दोन गोष्टी सरकारी कागदापेक्षा सरस आहेत. एक, ‘हल्ली मुक्काम’ आणि ‘मूळ गाव’ दोन्ही असतात, म्हणजे स्थलांतर कळतं. दोन, बरोबर आलेल्या भावांची, चुलत्यांची, पुष्कळदा बायकांचीही नावं असतात. मूळ गाव माहीत नसेल तर मात्र इथेही अडतं. दक्षिणा द्या, फोटो विचारून काढा, आपला लेख घालून या. हरिद्वारसारख्या काही तीर्थांच्या वह्यांची चित्रं फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर आहेत, पण सूचीअभावी त्यात नाव सापडणं हे चिकाटीचं काम.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगाव भागात हेळवी येतात. वर्षा-दोन वर्षांनी घरी येऊन वंशावळ वाचून दाखवायची, नव्या जन्मांची भर घालायची आणि धान्य-पैसा घेऊन जायचं, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. खानदेश-विदर्भात भाट हेच काम करत. तुमच्या घरी कोणते हेळवी येत, याची माहिती गावातल्या म्हाताऱ्यांना नक्की असते. छापील कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या इतिहासाचं पुस्तक, असलेल्या घराण्यांचं काम सोपं वाटतं, पण कुलवृत्तांतात लेकींची बोळवण ‘कन्या तीन’ एवढ्यावर केलेली असते आणि मूळ पुरुषाच्या आसपासच्या पिढ्या ऐकीव असतात. तो आधार धरा, पुरावा नव्हे.

भावकीबरोबर काम

एकट्याने हे काम होत नाही, कारण कागद भावकीत वाटले गेलेले असतात: थोरल्या घरात सनद, धाकट्या घरात वाटणीपत्र, मुंबईच्या काकांकडे फोटो. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढा, पण माहिती ग्रुपमध्ये ठेवू नका. शुभप्रभातच्या फुलांखाली ती गाडली जाते. एक साधा तक्ता करा. प्रत्येक माणसाला एक क्रमांक, आणि नाव, बापाचं नाव, आईचं नाव, गाव, साल यांबरोबर शेवटचा रकाना ‘हे कशावरून?’ असा ठेवा. त्या रकान्यात ‘फेरफार क्र. अमुक, मौजे अमुक’ किंवा ‘आत्याने सांगितलं, २०२४ ची दिवाळी’ असं काहीतरी असलंच पाहिजे. रिकामा असेल तर ते नाव पेन्सिलीतलं समजा.

दोन घरांच्या सांगण्यात फरक पडला तर मतदान घेऊ नका. दोन्ही म्हणणी लिहा, आणि ज्या कागदाने निकाल लागेल तो कागद शोधायचं काम कुणाच्या तरी अंगावर टाका. परक्या माणसाने ऑनलाइन टाकलेला वंशवृक्ष आपल्याशी जुळला तर त्याला आधी विचारा: कशावरून? उत्तर आलं तर तो तुमचा दूरचा भाऊ, नाही तर नकलाकार. हयात माणसांच्या जन्मतारखा, पत्ते, आजार, मोडलेली लग्नं जाहीर करायची नाहीत. जुन्या पिढ्यांत मोहतर, पाट असे पुनर्विवाह, वारशावरून झालेली भांडणं निघतील. ती लिहून ठेवा, पण चार घरांना विचारल्याशिवाय फिरवू नका.

शेवटची एक व्यवहाराची गोष्ट. हौसेने काढलेला वंशवृक्ष आणि जात पडताळणीसाठी किंवा वारसनोंदीसाठी लागणारी वंशावळ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरीला प्रतिज्ञापत्र लागतं आणि तिच्यातल्या प्रत्येक नात्यामागे कागद दाखवावा लागतो. त्यामुळे कोणतीही नक्कल काढताना थोडे पैसे जास्त गेले तरी प्रमाणित नक्कलच घ्या, आणि तिच्यावर कचेरीचा शिक्का, तारीख आणि नक्कल तयार करणाऱ्याची सही आहे ना, हे खिडकी सोडण्याआधी बघा.